इशारा पातळी

मिरजेच्या इको-रूमला पडदा ओढला
की भर दुपारी रात्र होते.
भूपाल मगदूम डाव्या कुशीवर,
उशाला स्वतःचाच हात,
आणि समोर त्यांची झडप:
चुना चढलेली, जुन्या मोरीच्या दारागत
उघडता उघडता अडणारी.

मी आकडे बोलते, सिस्टर लिहून घेते.
वेग चार पूर्णांक सहा.
दाबाचा फरक अठ्ठेचाळीस.
तोंड पाऊण चौरस सेंटिमीटर,
शर्टाच्या बटणाएवढं.
त्यातून सगळा माणूस जायचा,
रोज, लाखभर वेळा.

ते पडल्यापडल्याच विचारतात,
"इशारा, का धोका?"

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात.
सांगलीच्या पुलावर, पावसात, बॅटरी धरून
खांबावरची पट्टी वाचायची,
तासातासाला वर कळवायचं.
चाळीस फुटाला इशारा,
पंचेचाळीसला धोका.
पुढं काय करायचं ते साहेब ठरवणार.

मी संगणकात त्यांना भरते.
वय शहात्तर. क्रिएटिनिन. साखर.
जिना चढताना दम, एकदा बाजारात हळदीच्या पोत्यावर
डोळ्यांपुढं अंधारी.
यंत्र म्हणतं, झडप बदलताना
शंभरातले चार दगावतात.
नाही बदलली तर दोन वर्षांत निम्मे.

"शंभर कुठली?"
"परदेशातली, बहुतेक."
ते हसतात, हसताना थांबतात, श्वास गोळा करतात.
"म्हंजे दुसऱ्या नदीची पट्टी
आपल्या पुलाला."

तरी मी सांगते, लवकर करू.
तरी ते म्हणतात, सुगी होऊ दे,
नातीचं लग्न होऊ दे.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच पडदा, तीच कूस.
दाबाचा फरक सत्तावीस.
सून पद्मल माझ्या खांद्यावरून वाचते,
"उतरलं की हो, डॉक्टर!"
तिच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा आहे,
देवळातनं आणलेला.

झडप तेवढीच आहे, बटणाएवढी.
हृदय दमलंय. ढकलतच नाही आता,
म्हणून आकडा खाली.
हे पेढ्यांसमोर कसं सांगायचं
ते कुठल्याच वर्षाला शिकवलं नव्हतं.

मी जेलचा हात पुसत राहते.

भूपालअण्णा भिंतीकडं तोंड करून बोलतात:
"एका साली रातचं पाणी
इंचाइंचानं चढत हुतं.
दोनच्या ठोक्याला बघतो तर
तासात दीड फूट खाली.
पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मी न्हाई वाजवल्या.
नदी अशी उतरत नसती, बाई.
वरच्या अंगाला कुनाचा तरी बांध फुटला हुता,
पानी त्येंच्या घरात शिरलं हुतं,
म्हनून आमच्या खांबावर दिसंना."

पद्मल पुडा पिशवीत परत ठेवते.

यंत्रात मी नवे आकडे घालते.
चाराचे अकरा झाले.
निम्म्यांचे किती, ते मी वाचून दाखवत नाही,
ते विचारतही नाहीत.
"मंगळवार चालंल," म्हणतात,
जणू माझ्या सोयीसाठी.

जाताना एक वही काढतात, खात्याचीच,
जाड पुठ्ठ्याची. रकाने: दिनांक, वेळ, पायऱ्या.
घाटाच्या पायऱ्या रोज सकाळी सहाला
न थांबता किती चढलो.
एकतीस. एकतीस. अठ्ठावीस.
एका ओळीत 'धुके, पाहणी झाली नाही'.
चोवीस. एकोणीस. एकोणीस. चौदा.

माझ्याकडचं महागडं यंत्र
भिंतीला गुरगुरत उभं आहे,
आणि या वहीला ते सगळं
गेल्या पावसापासून ठाऊक होतं.

मी पान उलटते.
पुढच्या तारखा आधीच घातल्यात,
पट्टीनं ओळी मारून, दिवाळीच्याही पुढं,
मंगळवार सुद्धा, वेळ सकाळी सहा.
शेवटचा रकाना तेवढा कोरा.

"तारखा आदीच लिहून ठेवायच्या," ते चप्पल शोधत म्हणतात,
"आकडा मातूर पानी बघूनच."